पायाची खबर

उत्तनच्या किनाऱ्यावर अनवाणी चालून पाहा. आधी भुसभुशीत वाळू लागते. मग ओली, घट्ट वाळू. पुढे शेवाळलेला खडक. आपण दर पावलाला खाली पाहत नाही. तरी तोल जात नाही. का बरे?

तळव्याला खबर लागते म्हणून. टाच रुतली, अंगठा घसरला, की मज्जातंतूंवाटे ती खबर मेंदूकडे जाते. मज्जातंतू म्हणजे शरीरातल्या तारा. मेंदू लगेच हुकूम सोडतो आणि आपण सावरतो. डोळे आणि कानाचा आतला भागही तोल सांभाळतात.

एक गंमत करा. शेजारी कोणाला तरी उभे करा. दोन्ही पाय जुळवा आणि डोळे मिटा. अंग डुलू लागले ना? डोळ्यांची खबर बंद झाली.

ज्याला कृत्रिम पाय बसवला आहे, त्याची तळव्याची खबर बंद असते. रबराला वाळू काय नि खडक काय! म्हणून तो सारखा खाली पाहत चालतो. अंधारात फार अडतो.

मग तो चालायला शिकतो कसा? वल्ह्याला काही बोटे नसतात. तरी ते चिखलाला लागले की नाखव्याला हातात कळते. तसेच इथे आहे. उरलेला पाय ज्या पोकळ भागात बसतो, त्याला सॉकेट म्हणतात. टाच टेकली की सॉकेट एका जागी दाबते. चवडा टेकला की दुसऱ्या जागी. हा दाब हीच नवी खबर. ती ओळखायला सराव लागतो. सॉकेट सैल झाले तर खबर चुकते आणि माणूस पडतो. पहिल्या काही महिन्यांत उरलेला पाय बारीक होतो, तेव्हा हे हमखास घडते. चिंध्या कोंबून भागवू नये. सॉकेट नीट करून घ्यावे.

मुंबईत हाजी अलीला १९५५ सालापासून सरकारी पुनर्वसन संस्था आहे. भाईंदरहून गाडीने महालक्ष्मीला उतरावे. तिथे कृत्रिम पाय बसवतात, चालायलाही शिकवतात. पाय मिळाला की पुष्कळ लोक शिकणे सोडून घरी येतात. हे काही बरे नव्हे.

मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ साली अपघातानंतर कापावा लागला. त्यांनी जयपूर फूट बसवला, सराव केला. १९८४ साली त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या.

स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी तर २०१९ साली नवलच केले. कृत्रिम तळव्याला दाब ओळखणारी साधने लावली. मांडीतल्या मज्जातंतूत बारीक तारा बसवल्या. दोन माणसांवर हा प्रयोग झाला. त्यांना पाऊल टेकलेले कळू लागले. ती वाळूवर अधिक वेगाने चालली.

आणखी एक. पाय गेला तरी तो आहेच, असे मेंदूला वाटत राहते. रात्री झोपेत माणूस उठतो, नसलेला पाय टेकायला जातो आणि कोसळतो. खाटेजवळ दिवा असू द्या. कुबडी हाताला लागेल अशी ठेवा.