पूरप्रवण गावांतील युवक पथके : उभारणी आणि व्यवस्थापन

कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी कोल्हापूरनजीक प्रयाग चिखली येथे एकत्र येते आणि तेथून पंचगंगेचा प्रवाह सुरू होतो. सह्याद्रीच्या उतारावरून वेगाने येणारे हे पाणी सपाट प्रदेशात उतरताच मंदावते, वळणे घेत घेत पूर्वेकडे जाते आणि नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. कृष्णेची पातळी त्या वेळी उंचावलेली असली, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही; ते मागे तुंबते आणि शिवारात व गावठाणात पसरते. शिरोळ तालुक्यातील पूर हळूहळू चढतो, पण उतरावयास अनेक दिवस घेतो, याचे एक प्रमुख कारण हेच होय.

कोल्हापूरजवळील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ याच पातळ्या अनुक्रमे ४० व ४५ फूट आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि आयर्विन पुलाजवळ ते ५७ फुटांच्या वर पोहोचले. पुढे दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, याच खोऱ्यात पुन्हा महापूर आला. २००५ चा महापूर ज्यांनी पाहिला होता, त्यांपैकी अनेकांनी २०१९ मध्ये 'त्या वेळी उंबऱ्यापर्यंतच आले होते' एवढ्या आठवणीच्या भरवशावर घर सोडले नाही. पुराचा अनुभव हा शिक्षक खरा, परंतु तो मागच्या पुराचा धडा शिकवितो, येणाऱ्या पुराचा नव्हे.

२०१९ मध्ये पुणे–बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके, लष्कर व नौदल मदतीस आले; तथापि एकाच वेळी शेकडो गावे पाण्याने वेढली गेली असता प्रत्येक गावी पहिल्या दिवशी बाहेरची मदत पोहोचणे शक्य नसते. तो पहिला दिवस गावानेच निभावावयाचा असतो, आणि तो निभावण्याचे काम बहुतांशी गावातील तरुणांनीच केले. तालमींची आणि गणेशोत्सव मंडळांची मुले दोर घेऊन पाण्यात उतरली. गुऱ्हाळातील काहिली बाहेर काढून त्यांतून वृद्धांना आणले गेले. धैर्य उणे नव्हते. उणीव होती ती पूर्वतयारीची, आणि ती भरून काढणे हा युवक पथकांच्या उभारणीचा हेतू आहे.

आपल्या गावचे कोष्टक

पथक स्थापन करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावयास हवे : या गावी पूर किती वेळात येतो? महाड किंवा चिपळूण येथे सावित्री व वाशिष्ठी या नद्या काही तासांत शहरात शिरतात; त्यातच भरतीची वेळ साधली गेली, तर पाण्याला वाटच राहत नाही. जुलै २०२१ मध्ये हेच घडले. तेथील पथकाला रात्रीच्या रात्री काम करावे लागते आणि त्याची सर्व साधने माडीवर तयार हवीत. कृष्णा–पंचगंगेच्या काठी मात्र सामान्यतः एक-दोन दिवसांचा अवधी मिळतो. हा अवधी हेच या भागातील गावांचे सर्वांत मोठे भांडवल आहे, आणि 'अजून पाणी लांब आहे' असे म्हणण्यात ते खर्ची पडते.

जिल्हा नियंत्रण कक्षाकडून दर काही तासांनी बंधाऱ्यावरील पातळी आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याचा क्युसेकमधील विसर्ग जाहीर होतो. परंतु 'राजाराम बंधारा ४६ फूट' या वाक्याचा अर्थ खालच्या गल्लीतील गृहिणीला काय कळावा? तिला हवे असते ते एवढेच, की पाणी आपल्या दारात केव्हा येणार. म्हणून पथकाचे पहिले काम म्हणजे गावचे कोष्टक तयार करणे. जाणत्या माणसांना बरोबर घेऊन २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांच्या खुणा शोधाव्यात. देवळाची पायरी, शाळेची भिंत, विजेचा खांब, जेथे पाणी टेकले होते तेथे तेलरंगाने रेघ ओढून वर्ष लिहावे. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक लहानमोठ्या पुरात, बंधाऱ्यावर किती फूट असता पाणी गावातील कोणत्या ठिकाणी पोहोचले आणि किती तासांनी पोहोचले, हे वहीत लिहीत जावे. दोन-तीन पावसाळ्यांत असे कोष्टक सिद्ध होते की, अमुक फुटाला स्मशानभूमी, अमुक फुटाला ओढ्यावरचा पूल, अमुक फुटाला खालची गल्ली.

नदीसंगमाच्या जवळील गावांनी मात्र एक सावधगिरी बाळगावी. तेथे पंचगंगेची एकच पातळी पाहून चालत नाही. कृष्णेचीही पाहावी लागते. पंचगंगा उतरत असताना कृष्णा चढत असली, तर गावातील पाणी वाढतच राहते. अशा गावांच्या कोष्टकात दोन नद्यांसाठी दोन रकाने ठेवावेत. अलमट्टीच्या फुगवट्याविषयीचा वाद तज्ज्ञांनी आणि शासनांनी मिटवावयाचा आहे. तो मिटेपर्यंत गावाने आपली वही थांबविण्याचे कारण नाही.

हे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या हातून उत्तम होते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे गावोगावी भरतात. त्यांतील एखाद्या शिबिराचे सर्व दिवस पूरखुणांच्या पाहणीसाठी दिले, तर रस्ते झाडण्यापेक्षा गावाला त्याचा उपयोग अधिक काळ होईल.

पथकाची रचना

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये पंचायती या स्थानिक प्राधिकरणांत मोडतात. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, साधनसामग्रीची सज्जता आणि जिल्हा आराखड्यानुसार मदतकार्य ही त्यांची कर्तव्ये ठरविण्यात आली आहेत. तेव्हा युवक पथकाला ग्रामपंचायतीचा आधार असणे अगत्याचे आहे. तसेच पथक हे सरपंचाच्या गटाचे आहे, असे कोणास वाटू न देणेही तितकेच अगत्याचे आहे. ज्या गावांत दोन मंडळे असतात, तेथे बहुधा दोन पक्ष असतात, हे उघड गुपित आहे. मंडळाच्या नावाने पथक काढले, तर दुसऱ्या मंडळाची मुले घरी बसतात. गल्लीच्या नावाने काढले, तर ज्याचे घर त्या गल्लीत आहे, तो आपोआप येतो. १ मे रोजीच्या ग्रामसभेत गल्लीवार पथकांची नावे वाचून दाखवावीत आणि ती इतिवृत्तात नोंदवावीत.

युवकांच्या नेतृत्वाखालील पथक म्हणजे युवकांना सतरंज्या उचलावयास लावणारे पथक नव्हे. कोणत्या पातळीला कोणती गल्ली रिकामी करावयाची, हा निर्णय आधी ठरलेल्या कोष्टकानुसार पथकप्रमुखाने सुचवावा व सरपंच, पोलीस पाटील आणि महसूल कर्मचारी यांनी त्यास तत्काळ पाठबळ द्यावे. मध्यरात्री परवानगीसाठी तीन दारे ठोठवावी लागली, तर कोष्टक निरुपयोगी ठरते.

नावे घेताना कोण किती उत्साही आहे यापेक्षा पावसाळ्यातील रात्री गावात मुक्कामाला कोण असतो, हे पाहावे. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा तरुण रस्ता बंद झाल्यावर गावी पोहोचणार नाही. मुलींचा समावेश शोभेपुरता असू नये. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांची घरोघरची माहिती मुलींना जितकी सहज मिळते, तितकी मुलांना मिळत नाही. बांगलादेशाने १९७० च्या प्रलयंकारी चक्रीवादळानंतर उभारलेल्या स्वयंसेवक दलात आज सुमारे ७६ हजार स्वयंसेवक असून त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. धोक्याची सूचना उंबरठ्याच्या आत पोहोचविण्यासाठी तेथे त्यांचा मोठा उपयोग झाला आहे. आजारी व अपंगांची यादी मात्र पथकप्रमुखाजवळच राहावी. ती गावाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकणे हा त्या कुटुंबांचा अवमान होय.

सूचना कोणी द्यावयाची हेही ठरलेले असावे. धरण फुटल्याची अफवा प्रत्येक पुरात एकदा तरी उठते. पथकातील एकाच व्यक्तीने १०७७ या क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्षाशी संपर्क ठेवावा आणि तिने लिहून दिलेला मजकूरच देवळाच्या व मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून वाचला जावा. वीज गेल्यावर ध्वनिक्षेपक बंद पडतो, म्हणून कोतवालाची दवंडी आणि हाताने फिरवावयाचा भोंगा यांना रजा देऊ नये.

आधी गोठा, मग घर

पूर चढत असताना लोक घर का सोडत नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा गोठ्यात सापडते. दावणीला दोन म्हशी आणि एक वासरू असलेले कुटुंब त्यांना सोडून होडीत बसत नाही, आणि बसले तरी घरातील कर्ता पुरुष मागे राहतो. मग छातीभर पाण्यातून दुसरी फेरी करावी लागते आणि तीच जिवावर बेतते. ज्यांचे रोजचे मीठ-भाकर दुधाच्या पैशावर चालते, त्यांना हटवादी म्हणून मोकळे होणे सोपे आहे.

म्हणून स्थलांतराचा क्रम उलटा लावावा. रस्ता कोरडा असतानाच, म्हणजे इशारा पातळीच्या सुमारास, जनावरे उंचावरील ठरलेल्या जागी न्यावीत. त्या जागेच्या मालकाची संमती मे महिन्यातच घ्यावी. चारा, पाणी आणि रात्रीची राखण यांची वाटणी गल्लीवार असावी. दूध काढावयास दोन वेळा जाता आले पाहिजे व ते दूध संकलन केंद्रापर्यंत पोहोचले पाहिजे, अन्यथा दुसऱ्याच दिवशी जनावरे परत आणली जातात. गोठा रिकामा झाला की घर रिकामे करण्यास फारशी मनधरणी करावी लागत नाही. जनावर हलविणे अगदीच अशक्य झाले, तर निदान दावे कापून त्याला मोकळे करावे. बांधलेले जनावर पोहू शकत नाही.

होडी

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटली. बारांहून अधिक ग्रामस्थ बुडाले. त्यांत स्त्रिया व मुलांची संख्या मोठी होती. होडीत तिच्या क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. 'पुन्हा होडी येईल की नाही' ही शंका मनात असता काठावरचा प्रत्येक जण याच फेरीत चढू पाहतो, आणि आपल्याच चुलत्याला किंवा मावशीला 'उतरा' असे सांगणे गावच्या तरुणाला जमत नाही. हा प्रसंग आधीच टाळावयाचा असतो. होडीची क्षमता तिच्या बाजूला मोठ्या अक्षरांत रंगवावी. काठावर चिठ्ठ्या देणारा एक आणि होडीत दुसरा अशी दोन माणसे नेमावीत, आणि काठावरचा शक्यतो दुसऱ्या गल्लीचा असावा. जीवरक्षक जाकिटे जितकी, तितकीच माणसे, हा नियम रंगीत तालमीतच अंगवळणी पडावा.

रंगीत तालीम मृग नक्षत्रापूर्वी घ्यावी आणि निदान एकदा अंधार पडल्यावर घ्यावी. इंजिन चालू होते काय, जाकिटांचे पट्टे तुटले आहेत काय, कोठाराची किल्ली कोणाकडे आहे, हे प्रश्न दिवसा कोणालाच पडत नाहीत. अठरा वर्षांखालील मुलांना पाण्यातील कामावर कदापि घेऊ नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण, साधनसंच व विमा यांची तरतूद करण्यात आली होती. ज्या गावात असे प्रशिक्षित तरुण आहेत, तेथे पाण्यातील काम त्यांच्याचकडे राहावे. इतरांनी काठावरची कामे करावीत, आणि ती कामे थोडी नसतात.

निवारा आणि याद्या

पूरग्रस्तांचा निवारा बहुधा शाळेतच असतो, म्हणून मुख्याध्यापक हे पथकाचे सभासद असावेत. शाळेचे दप्तर वरच्या मजल्यावर हलविणे, पोषण आहाराची भांडी मोजून देणे व घेणे, स्त्रियांसाठी स्वतंत्र खोली आणि उजेड असलेले शौचालय ठेवणे, या गोष्टी दोन शिक्षक आणि चार मुली मिळून सुरळीत करू शकतात.

पूर ओसरल्यावर पंचनामे सुरू होतात आणि गावातील खरी कटुता तेथे जन्मास येते. पथकाने चिखल काढावा, विहिरींत व टाक्यांत औषध टाकण्यास आरोग्य सेवकांना साहाय्य करावे, निरक्षरांचे अर्ज लिहून द्यावेत. परंतु मदतीस पात्र कोण, ही यादी पथकाने कदापि करू नये. ते महसूल यंत्रणेचे काम आहे. ज्या मुलाने शेजाऱ्याचे नाव यादीत घातले नाही असा समज पसरतो, त्याच्या हाकेला तो शेजारी पुढच्या पुरात ओ देणार नाही. बाहेरून आलेल्या धान्य-कपड्यांची आवक-जावक वहीत लिहून ती रोज संध्याकाळी चावडीवर लावावी.

पथकाचा खर्च मोठा नसतो. दोर, विजेऱ्या, जाकिटे, रंगाचा डबा, होडीची दुरुस्ती एवढ्यासाठी ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात स्वतंत्र रक्कम दाखविता येते. अधिक कठीण आहे ते पथक जिवंत ठेवणे. दोन-तीन पावसाळे कोरडे गेले की जाकिटे मंडळाच्या खोलीत उंदरांच्या हवाली होतात. मुलगे नोकरीसाठी पुण्यास जातात, मुली लग्न होऊन सासरी जातात. यासाठी दर मे महिन्यात प्रत्येक गल्लीतून दहावी-बारावी झालेली दोन नवी नावे घ्यावीत, जुन्या सभासदाने कोष्टकाची वही नव्याच्या हाती द्यावी आणि त्याच दिवशी त्याला खांबावरील रेघा प्रत्यक्ष हिंडून दाखवाव्यात. सासरी गेलेल्या मुलीचे गावही पुष्कळदा याच नदीकाठी असते. तिच्याबरोबर कोष्टकाचा एक कोरा नमुना देण्यास काहीच हरकत नाही.