सही करण्याआधी आईला विचार

सदाशिव पेठ, पुणे

चि. बाळ यास,


काल रात्री तुझ्या मावशीचा फोन आला आणि त्यानंतर मला झोप लागली नाही. तुझी आई राहत होती त्या वृद्धसेवा केंद्राचे लोक डिपॉझिट आणि वर तीन महिन्यांचे पैसे परत द्यायला तयार आहेत, त्याबदल्यात 'आमची कोणतीही तक्रार नाही' असं लिहून मागताहेत, आणि तू शनिवारी बंगळूरहून येऊन सही करून मोकळा होणार आहेस, असं ती म्हणाली. खरं आहे का हे? खरं असेल तर थांब. मावशीच्या ऐकण्यात घोटाळा झाला असेल तर रागावू नकोस, पण शेवटपर्यंत वाच. फोनवर तू 'हो मामा, बघतो मामा' म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहायला बसलो.

'तुमच्या आई वयोमानाने पडल्या' असं ते सांगतात. एक्याऐंशीव्या वर्षी माणूस पडू शकतं, मान्य. पण रात्री उठताना आधार लागतो हे तू प्रवेशाच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतंस. ताईने घंटा वाजवली, कुणी आलं नाही, ती एकटीच बाथरूमकडे निघाली, आणि सकाळची पाळी येईपर्यंत फरशीवर पडून राहिली. खुब्याचं हाड मोडलंय हे कळायला दुपार झाली. आणि दवाखान्यात तिला कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडावरची जखम दिसली, ती काही त्या रात्रीची नव्हती. गुडघ्यांमुळे ती दिवसाचा बराच वेळ पलंगावर असायची. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, कातडी लाल दिसली की तिथला भार काढायचा असतो. शिकलेली कुठलीही नर्स हे सांगेल. बेडसोअर एका रात्रीत इतका खोल जात नाही. कित्येक दिवस कुणी पाहिलंच नाही, बाळा. आणि तू म्हणतोस, तक्रार नाही?

व्यवस्थापकांनी तुला सांगितलं म्हणे, चूक रात्रपाळीच्या बाईची, तिला आम्ही काढून टाकलं. त्या गरीब बाईला काढून तुझ्या आईचं काय झालं? एवढ्या माणसांना रात्री एकच बाई कुणी ठेवली? दिल्लीतल्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात नर्सने चुकीचं इंजेक्शन दिल्यामुळे एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी रुग्णालयावरच ठेवली. मुलाला साडेबारा लाख, आणि आईवडिलांना त्यांच्या मनस्तापाचे वेगळे पाच लाख. सेवा मुलाला मिळत होती, पैसे आईवडील भरत होते, आणि कायद्याच्या लेखी दोघंही ग्राहक ठरले. तुमच्या बाबतीत नातं उलटं आहे इतकंच. पैसे तू भरलेस, सेवा तिला मिळायची होती.

फॉर्मच्या मागच्या बाजूला 'कोणत्याही अपघातास संस्था जबाबदार राहणार नाही' असं छापलेलं आहे, ते दाखवून ते तुला घाबरवतील. छापलेल्या ओळीने निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित करार ही संकल्पनाच आणली आहे ती अशा एकतर्फी अटींसाठी. छापील ओळीपेक्षा मला तुझ्या सहीची भीती जास्त वाटते. 'पूर्ण व अंतिम' असे शब्द त्या कागदावर असले आणि त्याखाली तू राजीखुशीने सही केलीस, तर पुढे दाद मागणं फार जड जातं. आपल्यावर दबाव होता, फसवणूक झाली, हे मग तुलाच सिद्ध करावं लागेल. आणि मुळात ताई पूर्ण शुद्धीवर आहे, तिला सगळं समजतं. तिच्या दुखण्यावरचा तिचा हक्क तू कुठल्या अधिकाराने सोडणार?

घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. घटनेपासून दोन वर्षं मुदत असते. पुणे जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करता येतो. कायद्याने तू राहतोस तिथेही करता येतो, पण दवाखाना, डॉक्टर, कागद सगळं इथे आहे, तेव्हा इथेच बरा. शुल्क मागितलेल्या भरपाईवर नसतं, केंद्राला आजवर भरलेल्या रकमेवर असतं. ती पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कच नाही, आणि तू भरलेली रक्कम त्याच्या आतच बसेल असा माझा अंदाज आहे. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. धर्मादाय म्हणून सगळ्यांनाच फुकट सांभाळणारी संस्था असती तर हा रस्ता बंद होता. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात ते स्पष्ट झालेलं आहे. तू दरमहा पैसे मोजलेस.

एक काम मात्र आजच कर. केंद्राला लेखी कळव की त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रीकरण पुसू नका, आणि ड्यूटीचं रजिस्टर, औषधांचा तक्ता, नर्सिंगच्या नोंदी यांच्या प्रती द्या. चित्रीकरण थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं, आणि मग त्या रात्री कोण कुठे होतं हे कुणाच्या तोंडच्या शब्दांवरच राहतं. ईमेल कर आणि तेच पत्र पोस्टाने पोच मिळेल असंही पाठव. जखमेचे फोटो तारखेसह ठेव. दवाखान्यातून केसपेपर माग, अर्ज केल्यावर ७२ तासांत द्यावेत असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. ऑपरेशन, औषधं, फिजिओथेरपी, वॉकर, आता घरी ठेवावी लागणारी बाई, तुझ्या विमानाच्या तिकिटाची पावतीसुद्धा, सगळं एका फाइलीत लाव. समेट करायचाच असेल तर हा आकडा समोर ठेवून कर. समेटाला मी वाईट म्हणत नाही, आयोगातही मध्यस्थीची सोय आहे. पण तीन महिन्यांची फी हा कसला हिशेब? त्यात तिचं ऑपरेशनसुद्धा बसत नाही.

मी एवढं का बोलतो ते तुला ठाऊक नाही, कारण घरात तो विषय कधी निघालाच नाही. १९७४ साली मी शिवाजीनगरला एका वकिलांकडे कारकून म्हणून लागलो. त्याच वर्षी बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली होती. पण ग्राहकांचा कायदा यायला १९८६ उजाडायचं होतं. आमच्या साहेबांनी मला एक निकाल वाचायला दिला होता, लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. आपल्या पुण्यातलाच खटला. ६ मे १९५३ ला पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर गोडबोल्यांच्या विशीतल्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. ९ तारखेला त्याला पुण्याला आणलं, भूल न देता जोर लावून हाड बसवलं, आणि त्याच रात्री तो गेला. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला, तो पुण्याच्या कोर्टातून उच्च न्यायालयात आणि तिथून दिल्लीला गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २ मे १९६८ रोजी. भरपाई किती? तीन हजार रुपये. पंधरा वर्षं त्या बापाने काय तीन हजारांसाठी मोजली असतील? रुग्णाला हात लावणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हे आजही देशभरातली न्यायालयं त्या निकालावरून सांगतात.

हे सगळं मला पाठ होतं, आणि दोनच वर्षांनी एका रुग्णालयात शेकाच्या पिशवीने आबांचे, तुझ्या आजोबांचे, पाय भाजले. साखरेचा आजार, पायाला स्पर्श कळत नव्हता, पिशवी ठेवून बाई विसरली. दोन बोटं काढावी लागली. घरात सगळे म्हणाले, डॉक्टर ओळखीचे आहेत, झालं गेलं गंगेला मिळालं. मीही काही बोललो नाही. धाकट्याने बोलायचं नसतं, अशी तेव्हा आमच्या वाड्याची रीत होती. एकटी तुझी आई म्हणाली, 'त्यांना विचारा तरी, पिशवी किती वेळ होती?' तर तिला सांगण्यात आलं की लग्न होऊन गेलेल्या मुलीने माहेरच्या गोष्टीत पडू नये. आबा त्यानंतर चपलांशिवाय कधी अंगणातसुद्धा उतरले नाहीत. कुणी त्यांना विचारलं नाही की तुम्हाला काय वाटतं. मला विचारता आलं असतं, रात्री मीच त्यांच्याजवळ झोपायचो.

म्हणून सही करू नकोस म्हणतो. निदान तिला विचारल्याशिवाय करू नकोस.

फार बोललो. मला कळतं तू का घाई करतो आहेस. प्रकरण वाढलं तर चार लोक म्हणतील, आईला तिथे टाकलंच कशाला. तुझ्या मनातही तेच आहे, म्हणून तू त्यांच्याशी नीट भांडतसुद्धा नाहीस. पण टाकलं नाहीस रे तू तिला. गॅस दोनदा उघडा राहिला, तेव्हा 'मी तिथे राहून बघते, बरोबरीच्या बायका आहेत' असं तीच म्हणाली होती, माझ्या देखत. तू पाच ठिकाणं पाहिलीस, सगळ्यात हवेशीर खोली घेतलीस, रोज संध्याकाळी फोन केलास. तू विश्वास ठेवलास, तो त्यांनी पाळला नाही. भरपाई मागितल्याने तू वाईट मुलगा ठरत नाहीस, आणि आईचं मोल केलं असंही होत नाही.

शनिवारी ये, पण केंद्रात जाऊ नकोस, आधी तिच्याकडे ये. दार लावून दोघंच बसा. ती आधी तू जेवलास का ते विचारेल, मग कितीला तिकीट पडलं ते विचारेल. तिला काय हवंय ते शांतपणे ऐकून घे. 'नको रे बाळा, सोडून दे' म्हणाली तर सोड, मी पुन्हा एक शब्द काढणार नाही. 'विचार त्यांना' म्हणाली, तर कागद लावायला मी आहे. तारखांनाही मी जाईन, तुला दर वेळी रजा टाकावी लागणार नाही.

तिला आता आधाराने चार पावलं टाकता येतात. डॉक्टर समाधानी आहेत. तू आलास की पाचवं टाकेल. रात्रीच्या विमानाने येणार असशील तर आधी कळव, लोहगावला मी घ्यायला येतो. नको म्हणू नकोस. आणि या दोन दिवसांत थोडं झोप, मावशी म्हणत होती तुझा आवाज फार बसलाय.

तुझा,
मामा