पडद्यावरची भाषा

पुण्याच्या ईशान्येस, शिरूर तालुक्यात, वेळ नदीच्या काठी तळेगाव ढमढेरे हे गाव वसलेले आहे. गावाला आठवड्याचा बाजार भरतो. समजा, अशाच एका बाजारच्या दिवशी एक शेतकरी आपला गोऱ्हा विकावयास निघाला आहे. सोबत त्याचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा आहे. गोऱ्ह्याचे नाव पाखऱ्या. मुलानेच त्याला वैरण घालून लहानाचा मोठा केला आहे. बाजारात सौदा होतो, पाखऱ्या दुसऱ्याच्या दावणीला जातो आणि बापलेक घरी परततात. गोष्ट एवढीच.

ही गोष्ट लेखकास सांगावयाची असती, तर ‘मुलाच्या काळजात कालवाकालव झाली’ असे वाक्य लिहून तो मोकळा झाला असता. चित्रपट काढणाऱ्याची मात्र येथे पंचाईत होते. काळजाचे चित्र कॅमेऱ्याला घेता येत नाही. जे डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते, तेवढेच त्याच्या हाती असते. मग मुलाचे दुःख आपल्यापर्यंत त्याने पोचवावे कसे? त्यासाठी चित्रपटाने आपली एक निराळी भाषा घडविली आहे. तिची थोडी ओळख आपण करून घेऊ.

प्रथम चित्र हलते कसे, ते पाहू. खरे म्हणजे पडद्यावरचे कोणतेच चित्र हलत नसते. एकाच हालचालीची, परंतु किंचित पुढे पुढे सरकलेली अनेक स्थिर चित्रे झरझर एकामागून एक दाखविली, की आपल्या डोळ्यांना व मेंदूला ती सलग भासतात. बोलपटात एका सेकंदाला अशी २४ चित्रे पडद्यावर येतात. म्हणजे मिनिटाला १४४० झाली! जुन्या पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात १६ चित्रे मावत. त्या हिशेबाने एका मिनिटाच्या चित्रपटास ९० फूट फीत लागे.

ह्या जादूचा सुंदर उपयोग दादासाहेब फाळके यांनी करून घेतला. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते विलायतेस गेले व तेथून कॅमेरा घेऊन परतले. परंतु चित्रपटासाठी लागणारे भांडवल कोण देणार? लोकांना हा नुसता वेडाचार वाटे. तेव्हा दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसविला आणि महिनाभर थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घेतले. ती फीत चालविताच मातीतून कोंब वर आला, पाने फुटली आणि पाहता पाहता वेल उंच झाला. महिन्याचे काम मिनिटाभरात! त्या वाटाण्याने धनिकांचे मन वळविले. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. ह्या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा मोठा होता. त्या वेळी फितीच्या कडांना भोके पाडलेली नसत. प्रकाश लागून फीत वाया जाऊ नये म्हणून घरातील सर्वांची निजानीज झाल्यावर अंधारात बसून ती भोके पाडावी लागत. दिवसा मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री हे काम. पडद्यावर त्यांचे मुख कोठेही दिसले नाही, इतकेच.

आता तळेगावच्या बाजारात परत येऊ. कॅमेरा कोठे ठेवावा? दूर, एखाद्या उंच ओट्यावर ठेवला, तर पालांच्या रांगा, बैलगाड्या, माणसांची गर्दी असे सारे एका दृष्टिक्षेपात दिसेल. यास दूरदृश्य म्हणतात. ह्या गर्दीत आपला मुलगा मुंगीएवढा दिसतो. तो येथे किती एकटा आहे, हे न बोलताच कळते. नंतर कॅमेरा जवळ येतो. बाप, मुलगा व पाखऱ्या तिघे कमरेपर्यंत दिसतात. हे मध्यमदृश्य. त्यानंतर केवळ एक मूठ दिसते, दावे घट्ट धरलेली. हे समीपदृश्य, ज्याला आपण सर्व जण ‘क्लोज-अप’ म्हणतो. ‘अमृतमंथन’ (१९३४) ह्या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी क्रूर राजगुरूचा एकच डोळा सारा पडदा भरून दाखविला होता. क्लोज-अप म्हणजे दिग्दर्शकाने आपला हात धरून ‘इकडे पाहा’ असे सांगणेच होय. मात्र ऊठसूट हात धरणाऱ्याचा कंटाळा येतो, हेही खरे.

जनावरांच्या बाजारातील एक रीत तुम्हांपैकी काहींनी पाहिली असेल. घेणारा व विकणारा रुमालाखाली हात घालून, एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवितात. तोंडाने चकार शब्द निघत नाही. ही रीत जणू चित्रपटासाठीच जन्मास आली आहे! पडदाभर फक्त तो रुमाल दाखवावा. त्याखाली काहीतरी हलते आहे. मुलाला भाव कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. आपण त्याच्याच जागी जाऊन उभे राहतो. मग कॅमेरा मुलाच्या उंचीवर खाली आणला, की व्यापारी ताडासारखे उंच दिसू लागतात. याउलट कॅमेरा वरून खाली रोखला, तर मुलगा आणखीच लहान व दीनवाणा भासतो. माणसे तीच, बदलली ती पाहणाऱ्याची जागा.

एक साधा नियम येथेच सांगून टाकतो. मुलगा बाजाराकडे जाताना पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालला असेल, तर पुढच्या तुकड्यातही तो त्याच दिशेने चालला पाहिजे. नाहीतर प्रेक्षकांस वाटेल, की हा मध्येच घरी का वळला?

प्रकाशाची गोष्ट याहून नाजूक आहे. दुपारच्या उन्हात मुंडाशाची सावली चेहऱ्यावर पडते आणि डोळे दिसेनासे होतात. अशा वेळी चंदेरी कागद लावलेल्या फळ्यावरून किंवा पांढऱ्या चादरीवरून ऊन परतवून चेहऱ्यावर पाडतात. मूकपटांच्या आरंभीच्या काळी सूर्य हाच मुख्य दिवा होता. ढग आले, की काम थांबे. कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर हे हाडाचे चित्रकार. त्यांनी व त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांनी १९१८ च्या सुमारास स्वतःच कॅमेरा तयार केला. ‘सिंहगड’ (१९२३) ह्या मूकपटात बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात चित्रण केले. प्रकाश एका बाजूने आला, की अर्धा चेहरा उजळतो व अर्धा काळोखात राहतो. मनातील द्वंद्व दाखवावयाचे असेल तेव्हा हा प्रकार उपयोगी पडतो. आपल्या गोष्टीत बाप वाईट नाही. कर्जापायी त्याला गोऱ्हा विकावा लागतो आहे. पैसे मोजताना त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर पालाची सावली पडू द्यावी. तो काही न बोलताही आपण त्याला दोष देणार नाही.

आता आवाज. १९३१ साली ‘आलम आरा’ हा आपल्या देशातील पहिला बोलपट आला. पुढल्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. १९३३ मध्ये ही कंपनी पुण्यास आली. चित्र आणि आवाज निरनिराळे नोंदले गेले, की त्यांची जुळणी करावी लागते. त्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एक पाटी धरून तिची फळी खाडकन आपटतात. फळी मिटल्याचे चित्र आणि ‘खट्’ असा आवाज एकत्र आणले, की पुढचे सारे बोलणे ओठांशी जुळते. वर सांगितलेले दामले प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाचेही काम पाहत. त्यांनी व शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ (१९३६) ह्या चित्रपटाचा १९३७ मध्ये इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. ज्या देहूची ती कथा, ती देहू आपल्या पुणे जिल्ह्यातलीच.

परंतु आवाज मिळाला म्हणून तो सतत वाजवीत राहावा असे नाही. शांतारामांनी ‘कुंकू’ (१९३७) ह्या चित्रपटात पार्श्वसंगीत मुळीच वापरले नाही. घरात जे आवाज होतात तेवढेच ऐकविले. एका तरुण मुलीचे फसवून एका म्हाताऱ्याशी लग्न लावून दिले जाते, त्या घरात भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक वाद्यवृंदापेक्षा अधिक बोलते. आपणही हीच युक्ती योजू. बाजारात नाना आवाज आहेत: विक्रेत्यांच्या आरोळ्या, चाकांची करकर, गुरांचे हंबरणे. सौदा होताच ते हळूहळू मंद होतात. उरते ती पाखऱ्याच्या गळ्यातील घुंगुरमाळ. तीही दूर दूर जाते.

हे सर्व तुकडे शेवटी संकलकाच्या मेजावर येतात. कोणता ठेवावा, कोणता टाकावा, कोणता कोणास जोडावा हे तो ठरवितो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव कुलेशोव नावाच्या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने तीन ठिकाणी जोडला: एकदा सुपाच्या थाळीनंतर, एकदा शवपेटीनंतर, एकदा एका तरुणीनंतर. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना त्यात कधी भूक, कधी शोक, कधी प्रेम दिसले! नटाने काही केलेच नव्हते. अर्थ जन्मला तो दोन तुकड्यांच्या सांध्यात.

ज्या फितीवर हे सांधे केले जात, ती जुनी नायट्रेटची फीत फार ज्वालाग्राही असे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या अनेक चित्रपटांच्या मूळ फिती जळून गेल्या. इतर प्रती काढून ठेवल्या होत्या, म्हणून आपण आजही ते चित्रपट पाहू शकतो. आता फितीची जागा संगणकाने घेतली आहे आणि घरातल्या मोबाइलनेही चित्रण करता येते. सांधा कोठे जोडावा, हे मात्र तो मोबाइल सांगत नाही.

तेव्हा पाखऱ्याच्या गोष्टीचा शेवट तुम्हीच जोडून पाहा. तुमच्याजवळ तीन तुकडे आहेत. पहिला: मुलगा रडतो आहे. दुसरा: बाप गोठ्याच्या दारात पाठमोरा उभा आहे. तिसरा: गोठ्यातील रिकामी खुंटी, शेजारी सकाळी घातलेली वैरण, आणि कोठेही आवाज नाही. मी स्वतः पहिला तुकडा काढून टाकीन. तुम्ही कोणता ठेवाल?