खोकला रेंगाळला, पुन्हा दाखवायचं कधी?

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा. डॉक्टरांना दाखवलं, सर्दी गेली. पण दहा दिवस झाले, खोकला थांबेना. मेडिकलमधून दुसरं सिरप आणू का?
– एक आई, नारायणगड, जि. बीड

उत्तर : ताई, सर्दीनंतरचा खोकला दोन आठवडेही रेंगाळतो. पोर खेळतंय, खातंय तर घाबरू नका.

सिरप मात्र नकोच. २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या विषारी सिरपनं दगावली. काहींनी नागपुरात उपचार घेताना प्राण सोडले. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची सिरपं देऊ नयेत, असं केंद्रानंही बजावलंय. तुमच्या मुलाला वर्ष उलटलंय, तेव्हा झोपताना अर्धा चमचा मध चालेल.

लेकरू झोपल्यावर अंगडं वर करून छाती बघा. मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास, बरगड्यांखाली खड्डा, निळसर ओठ, पाणीही न पिणं : रात्र असली तरी बीडचं जिल्हा रुग्णालय गाठा. शेंगदाणा खाताना ठसका लागून खोकला सुरू झाला असेल, तरीही लगेच.

दोन आठवडे उलटले, ताप परतला, वजन घटलं किंवा घरात क्षयरुग्ण असेल, तर पुन्हा दाखवाच.