दारू सुटते आठवड्यात, बुद्धी सावरते सावकाश

अनसिंग परिसरात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, की दारू सोडण्यासाठी दाखल झालेल्या रुग्णांचे नातेवाईक आमच्याकडे एकच विनंती घेऊन येतात : "डॉक्टरसाहेब, थरथर थांबली, जेवण जाऊ लागलं. आता सुटी द्या." घरची अडचण आम्हांस ठाऊक असते, आणि रुग्णही वरवर बरा दिसत असतो. तथापि शरीर दारूविना राहू लागले म्हणजे विचारशक्तीही पूर्ववत झाली, असे नव्हे. हा भेद देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर मांडावा, या हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत.

पहिले काही दिवस

दारू मेंदूचे कार्य मंदावते. वर्षानुवर्षे रोज दारू घेणाऱ्याचा मेंदू या मंदपणावर मात करण्यासाठी स्वतःला अधिक उत्तेजित ठेवण्यास शिकतो. अशा वेळी दारू एकाएकी बंद झाली, की तो दाब निघून जातो आणि उत्तेजना मात्र उरते. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हातापायांना कंप, घाम, मळमळ व निद्रानाश सुरू होतो. पहिल्या ४८ तासांत झटके येण्याची भीती असते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांना वातभ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, वेळेचे व स्थळाचे भान सुटते. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. म्हणून अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसास घरी कोंडून दारू तोडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. देखरेखीखाली, योग्य औषधांची मात्रा हळूहळू कमी करीत हा काळ पार पाडणे, यालाच निर्विषीकरण किंवा 'डिटॉक्स' म्हणतात.

सलाईनपूर्वी जीवनसत्त्व

"आधी एक सलाईन लावा," असा आग्रह आपल्या भागात नेहमीचा आहे. येथे सावधगिरी हवी. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याचे जेवण तुटपुंजे असते आणि पोटातून अन्नद्रव्ये नीट शोषली जात नाहीत. त्यामुळे थायमिन, म्हणजे 'ब-१' जीवनसत्त्व, शरीरात फार कमी उरते. ग्लुकोजचा वापर करण्यासाठी मेंदूला थायमिन लागते. त्याविना नुसते ग्लुकोज चढविल्यास मेंदूची हानी वाढू शकते. म्हणून थायमिनचे इंजेक्शन ग्लुकोजपूर्वी अथवा त्याच्या सोबत द्यावयाचे असते. गोंधळलेले मन, डोळ्यांच्या हालचालींतील बिघाड आणि झोकांड्या जाणारी चाल, या त्रयीचे वर्णन जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये केले. उपचार वेळेवर न मिळाल्यास पुढे जो कायमचा स्मृतिभ्रंश उरू शकतो, त्यास रशियन वैद्य सर्गेई कोर्साकोव्ह यांचे नाव मिळाले. असा रुग्ण नवे काही लक्षात ठेवू शकत नाही व स्मृतीतील पोकळी कल्पनेने भरून काढतो. घरच्यांना ते खोटे बोलणे वाटते. वास्तविक तो आजार असतो. एक स्वस्त जीवनसत्त्व वेळेवर मिळाल्याने एवढी मोठी हानी पुष्कळदा टळते.

मागे राहिलेली दुर्बलता

सुदैवाने बहुतेक रुग्णांची हानी इतकी गंभीर नसते. पण सूक्ष्म दुर्बलता अनेकांत आढळते. लक्ष एकाग्र होत नाही, नुकतेच सांगितलेले निसटते, कामाचा क्रम ठरविता येत नाही, आणि मनात आलेली ऊर्मी आवरत नाही. पहिल्या आठवड्यात औषधांची गुंगीही असते. म्हणून बुद्धीची परीक्षा त्यानंतर घेणे योग्य. शंभरातून सात-सात वजा करणे, सांगितलेले शब्द पाच मिनिटांनी आठवणे, घड्याळाचे चित्र काढून काटे दाखविणे, अशा साध्या चाचण्यांतूनही पुष्कळ कळते.

दारू पूर्णपणे बंद राहिल्यास मेंदू सावरतो, ही यातील आशेची बाब. पहिल्या काही आठवड्यांत सुधारणा वेगाने होते. नवे शिकणे, नियोजन व निर्णय यांना मात्र अनेक महिने, क्वचित वर्षही लागते. वय अधिक असल्यास गती मंदावते. पुनःपुन्हा पिणे व पुनःपुन्हा सोडणे झाल्यास प्रत्येक खेपेचा त्रास तीव्र होत जातो आणि बुद्धीवरील भारही वाढतो.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे निवासी उपचार ३५ दिवसांचा ठेवण्यात आला. शरीरातील विष उतरण्यास एवढे दिवस लागत नाहीत. उरलेला काळ समुपदेशन, गटचर्चा आणि नव्या दिनक्रमाचा असतो, आणि मेंदूलाही तो उपकारक ठरतो.

घरच्यांनी काय करावे

घरी नेल्यानंतर निदान काही आठवडे रुग्णास मळणीयंत्र, विजेचा पंप अथवा फवारणी यांपासून दूर ठेवावे. शेताचा सौदा, कर्जाचे कागद वा जमिनीची वाटणी यांवर त्याची सही घेण्याची घाई करू नये. एका वेळी एकच काम सांगावे, ते कागदावर लिहून द्यावे. औषधे घरातील एका व्यक्तीने आपल्या हाताने द्यावीत. जेवण, झोप व फेरतपासणी यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. पहिल्या दिवसांत केलेला उपदेश त्याला आठवत नसेल, तर तो न रागावता पुन्हा सांगावा. मनाच्या तक्रारींसाठी ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवाही सुरू झाली आहे.

"शपथ घेतली आणि विसरला," असे म्हणत एखादी माउली डोळ्यांना पदर लावते, तेव्हा आम्ही तिला सांगतो : पाय मोडलेल्या माणसास आपण दुसऱ्या आठवड्यात नांगरास जुंपत नाही. मेंदूचेही तसेच आहे. देणगीदारांनी व विश्वस्तांनीही या कार्याचे मोजमाप केवळ दाखल झालेल्या रुग्णांच्या संख्येवरून न करता, तीन महिन्यांनी फेरतपासणीस कितीजण परतले, यावरून करावे, अशी आमची नम्र विनंती आहे. खाटेवरचे उपचार आठवड्यात संपतात, परंतु माणूस घराला पूर्णपणे परत मिळावयास त्यापुढील महिन्यांची साथ लागते.