ग्रोथ फॅक्टर देऊनही क्लोन का दगावतात?

प्रश्न : म्हशीचे क्लोनिंग करताना भ्रूणाला ‘ग्रोथ फॅक्टर’ देतात, असे वाचले. मग बहुतेक भ्रूण वाया का जातात? आमच्या दुभत्या मुऱ्हा म्हशीचा क्लोन करून घेता येईल का?
– एक दूध उत्पादक

उत्तर : ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. ही प्रथिने पेशीवरच्या ठरावीक ग्राहींना चिकटतात आणि विभाजन कर, तगून राहा, असा हुकूम आत पोहोचतो. एरवी ती मादीच्या अंडनलिकेतून व गर्भाशयातून मिळतात. भ्रूण स्वतःही काही तयार करतो. क्लोन केलेला भ्रूण मात्र पहिला आठवडाभर प्रयोगशाळेच्या बशीत, तेलाखालच्या पोषक द्रवाच्या थेंबात, साधारण 38.5 अंश तापमानात वाढतो. त्या थेंबात आयजीएफ-1 किंवा ईजीएफ हे ग्रोथ फॅक्टर मिसळतात, तेही मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमच्या हिशेबाने. आयजीएफ-1मुळे मरणाऱ्या पेशी कमी होतात, भ्रूणातल्या पेशींची संख्या वाढते.

एक गंमत पाहा. ‘हातबनावटी’च्या क्लोनिंगमध्ये अंडपेशीचे कवच काढून टाकतात. असे उघडे भ्रूण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून काही ठिकाणी बशीच्या तळाला बारीक खळगे पाडून प्रत्येक खळग्यात एकच भ्रूण ठेवतात. भ्रूणाने स्रवलेली द्रव्ये त्या खळग्यातच साठून राहतात आणि त्याच्याच उपयोगी पडतात, असे मानले जाते.

तरीही खरे दुखणे थेंबात नसते. क्लोनमध्ये अंडपेशीचे केंद्रक काढून तिथे प्रौढ पेशीचे, समजा कातडीच्या पेशीचे, केंद्रक बसवलेले असते. कातडीची पेशी म्हणून जगताना त्याच्या डीएनएवर रासायनिक खुणा पडलेल्या असतात. त्या पुसून जनुके नव्याने चालू व्हावी लागतात. गाय-म्हशीत आठ ते सोळा पेशींच्या टप्प्यापर्यंत भ्रूण मुख्यतः अंडपेशीच्या शिदोरीवर चालतो. पुढे स्वतःच्या जनुकांनी सूत्रे हाती घ्यायची असतात, आणि कित्येक क्लोन तिथेच अडतात. बाहेरून दिलेला ग्रोथ फॅक्टर या जुन्या खुणा पुसू शकत नाही. डॉली या क्लोन मेंढीच्या वेळी 277 अंडपेशींपासून 29 भ्रूण हाती लागले आणि 1996 साली एकच कोकरू जन्मले.

बरे, पोषक द्रवात जास्त मालमसाला घातला म्हणजे भ्रूण चांगला, असेही नाही. रक्तरस (सीरम) घातलेल्या माध्यमात वाढवलेल्या गाई-मेंढ्यांच्या भ्रूणांतून कधी कधी अवाजवी मोठी पिल्ले होतात, वारेतही दोष राहतात. मेंढ्यांमध्ये याचा संबंध आयजीएफ-2 या ग्रोथ फॅक्टरचा जोर आवरणारे जनुक मंदावण्याशी आढळला आहे.

आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत 2009च्या फेब्रुवारीत जन्मलेली पहिली क्लोन पारडी काही दिवसांतच दगावली. पण 2010 साली जन्मलेली क्लोन पारडी गरिमा-2 मोठी झाली, गाभण राहिली आणि जानेवारी 2013मध्ये व्याली. तिच्या पारडीचे नाव महिमा.

तुमच्या म्हशीबाबत बोलायचे, तर क्लोनच्या नादी लागू नका. सिद्ध मुऱ्हा रेड्याच्या रेतमात्रा वापरा आणि तिच्या पारड्या जपा.