उशीखालची पोळी

बैरन बाजार, रायपूर
8 जुलै

चि. बाळूस,


हे पत्र तुझ्या आईला दाखवलेलं नाही, तूही दाखवू नकोस. काल संध्याकाळी ताईचा पुण्याहून फोन आला. आधी पावसाचं बोलली, मग माझ्या गुडघ्याचं, मग गप्पच झाली. खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर आलं. तू पुन्हा पिऊ लागलास, हे एक. फी म्हणून आईकडून चाळीस हजार नेलेस आणि फी भरलीच नाहीस, हे दुसरं. पण झोप उडाली ती तिसऱ्या गोष्टीने. म्हणे, तू चर्चला येतोस, मागच्या बाकावर बसतोस, आणि प्रभुभोजनाची वेळ झाली की उठून बाहेर जातोस. तीन महिने झाले. ताईने टोकलं तर म्हणालास, माझं तारण झालंच नव्हतं बहुतेक, झालं असतं तर मी परत असा वागलो असतो का?

आधी रागावून घेतो. चाळीस हजार म्हणजे आईने शिवलेले किती गणवेश, याचा हिशेब केलास कधी? जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तिने रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालवली. डोळ्यांना पाणी यायचं तर म्हणायची, कांद्याचं आहे. आणि तू तिला फोनवर सांगतोस, पावती नंतर पाठवतो. दारू पिणारा माणूस मला समजतो, आपल्या घरात तो नवा नाही. आईच्या तोंडावर सरळ खोटं बोलणारा मात्र मला अजून समजायचा आहे. लाज वाटू दे तुला. वाटत असेलच, म्हणून तर उठून बाहेर जातोस. पण बाळू, लाज घेऊन उठून जायचं नसतं रे त्या मेजावरून.

तू जे बोललास त्यात एक चूक आहे, आणि ती तुझी एकट्याची नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात जो शब्द आहे तो आपल्या मराठी शास्त्रात फार नेमका आलाय: ‘नीतिमान ठरवणे’. बनवणे नाही, घडवणे नाही, ठरवणे. न्यायाधीश ठरवतो तसं. ख्रिस्ताच्या खात्यावरची नीतिमत्ता तुझ्या नावावर लावली, आणि तू नीतिमान, असं ठरवलं. पवित्रीकरण ही पुढची वाट. तीही कृपेचीच, पण तिला वर्षं लागतात, आणि तिच्यात माणूस पडतो. तू दुसऱ्यात पडलास आणि त्यावरून पहिलं झालंच नाही असा निकाल देऊन मोकळा झालास. निकाल देण्याचं काम तुझं नाही.

ताईचंच घे. ती आत्याची लेक होऊन आपल्या घरी आली 2008 साली. ती पाच वर्षांची, तू चार. आत्याने किती वर्षं वाट पाहिली होती तुला ठाऊक नाही. आपल्यासारख्या ख्रिस्ती जोडप्याला तोवर कायद्याने दत्तक घेताच येत नसे. हिंदूंसाठी 1956चा कायदा होता. आपल्याला मिळायचं ते 1890च्या कायद्याखालचं नुसतं पालकत्व. मूल सज्ञान झालं की कागदावरचं नातं संपलं. आत्या म्हणायची, मला राखणदार व्हायचं नाही, आई व्हायचंय. बाल न्याय कायदा आला, 2006 साली त्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. कोर्टाचा आदेश निघाला त्या दिवशी दुपारी ताई आत्याच्या आडनावाची झाली, वारस झाली, सगळं झालं.

आणि त्याच रात्री तिने उशीखाली पोळी लपवली. दुसऱ्या रात्रीही. आत्या चादर झटकायला गेली की वाळलेले तुकडे पडायचे, मुंग्या लागलेल्या असायच्या. अनाथाश्रमात जेवण मिळत नव्हतं असं नाही, पण उद्या मिळेल याची खात्री त्या पोरीला नव्हती. दुसरा हिवाळा संपता संपता पोळ्या बंद झाल्या. कोणी रागावलं म्हणून नाही. तिलाच त्यांची गरज उरली नाही. आता सांग, त्या दीड वर्षात ती आपली नव्हती का? पोळी सापडली म्हणून आत्या कोर्टात जाऊन आदेश रद्द करून आली का? पौलाने हाच शब्द वापरलाय बघ, दत्तकपण. आणि हीच ताई काल फोनवर तुझ्यासाठी रडली. ती स्वतः तुला पोळीचं सांगेल, हसत सांगते आता.

तुला वाटेल, काका लहान मुलीच्या पोळीची आणि माझ्या बाटलीची तुलना करतायत. बरं, मग अब्राहामाचं घे. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात त्याने देवावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास नीतिमत्त्व म्हणून त्याच्या हिशेबी धरला गेला. पौल सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा करतो. आता विसावा अध्याय उघड. तोच अब्राहाम गरारला जातो आणि जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगतो. बाराव्या अध्यायात मिसरमध्ये जे खोटं बोलला होता, अगदी तेच. इतकी वर्षं देवाबरोबर चालून पुन्हा तेच खोटं, तेही घरच्या बाईच्या जिवावर. आईच्या पैशांवर खोटं बोलणाऱ्याने हा अध्याय वाचायलाच हवा. अबीमलेखाने, एका परक्या राजाने, त्याला झापलं; झापायलाच हवं होतं. पण पंधराव्या अध्यायातला हिशेब देवाने खोडला नाही. मोरिया डोंगरावर इसहाकाला अर्पण करायला नेणं येतं ते बाविसाव्यात. याकोब आपल्या पत्रात ज्या कृतीकडे बोट दाखवतो ती ही. लोक पौल आणि याकोबाचं भांडण लावतात. मला ते कधी पटलं नाही. दोघं एकाच माणसाच्या दोन वयांबद्दल बोलतायत.

आजोबांच्या टेबलावर हा वाद दर नाताळात व्हायचा. आत्याच्या सासूबाई वसईच्या, कॅथलिक. त्या म्हणायच्या, देव माणसाला आतून शुद्ध करतो म्हणूनच नीतिमान म्हणतो, नुसतं वरून नाव लावत नाही. आजोबा म्हणायचे, मग शुद्ध होईपर्यंत आम्ही उभं कुठे राहायचं? 1547 साली ट्रेंटच्या परिषदेत हीच तलवार उपसली गेली होती. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गला लूथरन आणि कॅथलिकांनी या विषयावर एकत्र सही केली, ते वाचून आजोबा म्हणाले, विहीणबाई जिंकल्या नाहीत आणि मीही हरलो नाही. सासूबाईंचं एक म्हणणं मात्र मला वय वाढेल तसं जास्त पटतं. ज्याला आतून काहीच टोचत नाही त्याच्या माफीबद्दल शंका घ्यावी. तुला टोचतंय. मी ते चांगलं लक्षण धरतो.

राजनांदगावचं आठवतं? नागपूरला जाताना स्टेशन आलं की आजोबा टोपी काढायचे, आणि तू विचारायचास, इथे कोण राहतं? आजोबा म्हणजे नगरकडून बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीत इकडे आलेला माणूस. त्यांना टिळकांचं अगत्य असणारच. नारायण वामन टिळक नागपूरहून याच लाइनीने राजनांदगाव संस्थानात नोकरीला निघाले होते, आणि डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला. आजोबा गोष्ट इथेच संपवायचे, आणि माझी तक्रार तीच आहे. गोष्ट तिथे सुरू होते. पुढचं ‘स्मृतिचित्रां’त वाच. लक्ष्मीबाईंनी त्यांचा संताप, त्यांचा उधळेपणा, काही म्हणता काही लपवलं नाही. मिशनचा पगार सोडून, ‘देवाचा दरबार’ मांडून टिळक मोकळे झाले ते 1917 साली, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी. आणि 1919 साली गेले. पंडिता रमाबाईंचं तर उलटंच. 1883 साली बाप्तिस्मा घेतला आणि आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला धर्म मिळालाय, पण ख्रिस्त अजून मिळायचाय. तू तीन महिन्यांत हिशेब बंद करायला निघालायस.

याचा अर्थ पीत राहा असा घेशील तर कान पिळायला पुण्याला येईन. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का, हा प्रश्न पौलानेच उभा केला आणि त्यानेच उडवून लावला. पण सुवार्ता म्हणजे नुसतं दारू सोडणं असतं, तर 1868 साली मिशनरी ओस्कार लोर यांना बिश्रामपूरला सतनाम्यांमध्ये यायची गरज काय होती? मद्य, मांस, तंबाखू सोडा, हे गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी त्या लोकांना केव्हाच सांगितलं होतं, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी ते आपल्यापेक्षा नीट पाळलं. आपल्या मंडळ्यांनी मात्र वागणुकीच्या वह्या उघडल्या आणि मेजावर कोण बसणार ते त्या वह्यांवरून ठरवलं. मीही त्यातलाच. माझ्याच हातात वही होती.

आता जे लिहितोय ते तुला कधी सांगितलं नाही.

2009च्या नाताळच्या आदल्या रात्री तुझे बाबा गेटाशी आले होते. तुझी आई आत होती, तू झोपला होतास. त्यांच्या हातात कागदी तारा होता, तुझ्यासाठी. एक काडी मोडलेली. तोंडाला वास येत होता. मी गेट उघडलं नाही. म्हटलं, आधी सुधारून ये, मग घरात ये. प्रभुभोजनाच्या यादीतून त्यांचं नाव मी आधीच काढलं होतं. वाटायचं, घर आणि मंडळी दोन्ही मीच राखतोय. ते काही बोलले नाहीत. तारा गेटाला अडकवून भिलाईला गेले, ते परत आलेच नाहीत. 2011 साली आपण त्यांना आणायला गेलो ते कसं, ते तुला माहीत आहे. तू सात वर्षांचा होतास.

त्यांच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर होतं. ज्या दिवशी प्यायले नाहीत त्या तारखेवर पेन्सिलीची रेघ. चार दिवस, मग रिकामं. अकरा दिवस, मग रिकामं. सगळ्यात लांब ओळ 41 दिवसांची होती. माझा धाकटा भाऊ दोन वर्षं माझी अट पुरी करत बसला होता रे. मी गेट उघडलं असतं तर दारू सुटली असती, असं मी म्हणत नाही. कदाचित नसती सुटली. पण त्या रेघा त्याने आपल्या घरात ओढल्या असत्या, एकट्याने नसत्या ओढल्या. ताईने तुझं ते बोलणं सांगितलं तेव्हा मला हेच ऐकू आलं. माझंच वाक्य तू स्वतःला बोलून दाखवतोयस, आणि गेटाबाहेर उभा राहतोयस.

पैशांचं. आईला खरं सांगायचं ते तूच सांगायचं, मी सांगणार नाही. जक्कयाच्या घरी येशू आधी पाहुणा म्हणून गेला, चौपट परत करण्याची भाषा जक्कयाने नंतर केली. तुला चौपट नको, महिन्याला हजार पाठव, पण पाठव. दारूसाठी तिथल्या डॉक्टरला गाठ. ताई बरोबर येईल, मी तिला विचारलंय. ही लाजेची गोष्ट नाही, तुझ्या बाबांना कोणी नेलं नव्हतं. आणि येत्या रविवारी उठून जाऊ नकोस. पाय कापले तर ताईचा हात धर. पात्र होऊन कोणीच जात नाही तिथे. मी तर मुळीच नाही, तरी दर वेळी जातो आणि भाकर हातात घेताना मला तो मोडका तारा दिसतो.

रागावून सुरू केलं आणि हे काय लिहीत बसलो. तुझी आई आता चीले करतेय, तुझ्या वाटणीचं पीठ अजूनही सवयीने भिजवते, मग मला दोन जास्त खावे लागतात. सुट्टी मिळाली की आझाद हिंदने ये, कळवलं नाहीस तरी चालेल. प्यायलेला असलास तरी ये. कॅलेंडर माझ्या कपाटात आहे, ते तुझं आहे. गेटाला मी 2011पासून कुलूप लावलेलं नाही. कडी आतून आहे, पण बाहेरून हात घातला की निघते.

तुझा,
थोरला काका